गंगथडी ते घाटमाथा : भाड्याच्या मोटारीतील एक दिवस

समुद्राच्या कडेने वळणे घेत जाणारा रस्ता, दिवसाच्या बोलीवर ठरविलेली मोटार, वाटेचा प्रत्येक खाचखळगा ज्याला ठाऊक आहे असा चालक आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कोणाचेही बंधन नसलेला वेळ, एवढ्या सामग्रीवर प्रवासाचा एक स्वतंत्र प्रकारच आता उभा राहिला आहे. ऑस्ट्रेलियातील ग्रेट ओशन रोड, जो पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात डोंगर फोडून तयार केला, तो या प्रकारासाठी जगभर ख्यात आहे. आपल्याकडे दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वर किंवा मालवण-वेंगुर्ले या पट्ट्यात हीच पद्धत चांगली रूढ झाली आहे. मराठवाड्यातील माणसाला मात्र ही चैन महाग पडते. बीडपासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरांच्या घरात आहे. रात्रभर गाडी हाकून अलिबागेस पोहोचावे, डोळ्यांवर झोप असतानाच लाटा पाहाव्यात, मुलांच्या अंगाची वाळू झटकावी आणि दुसऱ्या रात्री पुन्हा घाट चढून परत यावे, असे ते सारे सव्यापसव्य असते, आणि त्यात सर्वांत अधिक थकतो तो चालक.

किनाऱ्याने केलेल्या प्रवासाचे सुख कशात असते याचे थोडे पृथक्करण केले, तर पाणी हे त्या सुखाचे एक अंग आहे, सर्वस्व नव्हे, असे ध्यानात येईल. एका हाताला घरे, शेते, देवळे असा मनुष्यवस्तीचा भरगच्च प्रपंच, दुसऱ्या हाताला दृष्टीला अडविणारे काहीच नाही, आणि या दोहोंच्या सीमेवरून आपण दिवसभर चाललेलो, हा त्या प्रवासाचा गाभा होय. अशा कडा बीड जिल्ह्याला दोन आहेत. उत्तरेस गेवराई, माजलगाव आणि परळी या तालुक्यांची हद्द आखीत जाणारी गोदावरी, जिला या भागात कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात, आणि जिच्या काठच्या काळ्याभोर पट्टीला गंगथडी हे नाव आहे. आणि जिल्ह्याच्या मध्यातून पश्चिमेकडून पूर्वेकडे पसरलेल्या बालाघाट डोंगराची उत्तरेकडे उतरणारी धार. एक पाण्याची कड, दुसरी पाषाणाची. बीडहून सकाळी निघून पहिल्या कडेने पूर्वेस जावे आणि दुसऱ्या कडेने पश्चिमेस परतावे, असा सुमारे पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरांचा फेरा एका दिवसात होतो. आणि ज्यांनी हा जिल्हा केवळ सोलापूर-धुळे महामार्गावरून, काचा वर करून, ओलांडला आहे त्यांना त्याची कल्पनाही असण्याचे कारण नाही.

या भूमीची रचना समजावून घेतल्यास प्रवासाला अर्थ येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याच्या थरांनी हा प्रदेश घडविला. त्या थरांची झीज गोदावरी आणि तिची उपनदी सिंदफणा यांनी उत्तरेकडून चालविली, तशी खालचा सखल भाग आणि वरचे पठार यांच्यामध्ये कमी-अधिक दोनशे मीटरांची उंची उरली. घाटाखाली कापूस आणि कालव्याचा ऊस, घाटावर ज्वारी, कुरणे आणि सीताफळीची झुडपे. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस धारेच्या उत्तरेस वाहिला तर सिंदफणेतून मंजरथला गोदावरीस मिळतो; तोच चार पावले दक्षिणेस पडला तर मांजरा नदीत जातो, आणि ती नदी लातूर, बीदर, तेलंगण असा शेकडो किलोमीटरांचा वळसा घेऊन निजामाबाद जिल्ह्यात कंदकुर्ती येथे त्याच गोदावरीला जाऊन मिळते. मांजरा आणि सिंदफणा या दोन्ही नद्या पाटोदा तालुक्यातच उगम पावतात, हे कळल्यावर नकाशाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

आता मोटारीच्या व्यवहाराविषयी, कारण या बाबतीत सुशिक्षित माणसेही गाफील राहतात आणि संध्याकाळी हिशेबाच्या वेळी तंटा करतात. दिवसभरासाठी गाडी ठरविण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. शहरात व आसपास फिरावयाचे असेल तर आठ तास आणि ऐंशी किलोमीटर अशी बोली असते, व त्यावरील तास आणि किलोमीटर वेगळे आकारले जातात. बाहेरगावी जावयाचे असेल तर किलोमीटरला अमुक दर आणि दिवसाला किमान तीनशे किलोमीटर, मग आपण दोनशे फिरलात तरी आकारणी तीनशेची. म्हणूनच वर सांगितलेला फेरा या दुसऱ्या बोलीत अगदी चपखल बसतो. किलोमीटरांची मोजणी आपल्या दारापासून होत नाही, गाडी जिथून निघाली तिथून ती परत तिथे पोहोचेपर्यंत होते. टोल, वाहनतळाचे पैसे आणि चालकाचा भत्ता हे तिन्ही भाड्यात धरले आहेत की वेगळे द्यावयाचे आहेत, हे इसार देण्यापूर्वीच विचारून घ्यावे. निघताना मीटरचा आकडा चालकाच्या देखत कागदावर टिपून ठेवणे यात अविश्वास नाही. जुन्या कारकुनाचा तो शिरस्ता आहे आणि तो दोघांच्याही हिताचा असतो.

याहून महत्त्वाची गोष्ट नंबरपाटीची. भाड्याने चालविण्याचा परवाना असलेल्या मोटारीस पिवळी पाटी व तीवर काळी अक्षरे असतात. पांढऱ्या पाटीची मोटार ही मालकाच्या खासगी वापरासाठी नोंदविलेली असते. गल्लीतील कोणाची तरी पांढऱ्या पाटीची गाडी दोन पैसे स्वस्त मिळते, आणि पुष्कळ कुटुंबे तीच नेतात. परंतु खासगी वाहन भाड्याने दिल्याचे निष्पन्न झाले तर अपघातानंतर विमा कंपनी नुकसानभरपाई नाकारू शकते, आणि तेव्हा वाचविलेल्या पैशांचा उपयोग वकिलाची पायरी चढण्यासही पुरत नाही.

बीड शहराला आगगाडी लाभली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी. जिल्ह्यातील परळीस निजामाच्या अमदानीतच लोहमार्ग आला होता. पण जिल्ह्याच्या ठाण्याचा सारा भार तोपर्यंत एस.टी., काळी-पिवळी जीप आणि भाड्याची मोटार यांवरच होता. त्यामुळे मोटार हाकणे हा येथे अनेक घरांचा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि त्यात शिरलेल्या माणसांची जडणघडण इतर जिल्ह्यांतील चालकांहून निराळी आहे. दसरा-दिवाळी झाली की या जिल्ह्यातील माणसे हजारोंच्या संख्येने, मुकादमाची उचल अंगावर घेऊन, पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे ऊस तोडावयास जातात. ज्याचे बालपण फडाशेजारच्या कोपीत गेले, ज्याने आईबापांचा कोयता पाहिला आणि थोरपणी ट्रॅक्टरवरून जीपवर, जीपवरून मोटारीवर अशी बढती स्वतःच्या हाताने मिळविली, असा चालक येथे भेटणे नवलाचे नाही. कोल्हापूर-सांगलीचे रस्ते त्याला तोंडपाठ असतात आणि स्वतःच्या जिल्ह्यातील लेणे त्याने कधी आत जाऊन पाहिलेले नसते, कारण गिऱ्हाईक आत गेले की त्याने गाडीपाशी थांबावयाचे, असा दंडक. त्याला आत चला म्हणावे. येणार नाही बहुधा, पण म्हणावे.

अशा माणसाला दिवसभराच्या प्रवासात नुसता सारथी समजणे हा मोठा तोटा आहे. अकरा देवस्थाने एका दिवसात उरकण्याची यादी त्याच्या हातात देऊन मागे डुलकी घेणारे प्रवासी मी पाहिले आहेत. देवांना ते चालत असेल, पण भूमी अशा माणसाला काही दाखवीत नाही. आदल्या दिवशी त्याच्याशी बोलून, कोणता रस्ता उखडला आहे, कुठे पूल पाण्याखाली जातो, जेवण कुठे बरे मिळते, कोणत्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो, हे विचारून मग मार्ग ठरवावा. "साहेब, गेवराईकडून सुरू करू. ऊन चढायच्या आत गंगेवर जाऊन येऊ अन् दुपारचं घाटात शिरू, सावली असती," असे तो सांगेल, आणि सूर्य कोणत्या हाताला असणार याचा विचार त्याने आपल्याआधी केलेला असतो, कारण भर दुपारी डोळ्यांत ऊन घेऊन गाडी त्यालाच चालवावयाची असते.

बीडहून उत्तरेस गेवराई सुमारे पस्तीस किलोमीटर. तेथून पश्चिमेस वळून गोदावरीच्या काठी राक्षसभुवनला जावे. शनीचे स्थान म्हणून हे गाव मराठवाड्यात सर्वश्रुत आहे, आणि जवळच असलेले पांचाळेश्वर हे महानुभाव पंथीयांचे आत्मतीर्थ होय. परंतु इतिहासाची आवड असलेल्याने देवदर्शन आटोपून नदीच्या पात्राकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहावे. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामअलीने जानोजी भोसल्यांच्या साहाय्याने पुणे लुटले आणि जाळले. पानिपतला तेव्हा जेमतेम अडीच वर्षे झाली होती. पेशवाईची वस्त्रे धारण केलेल्या माधवरावाचे वय अवघे अठरा, आणि काका रघुनाथराव यांच्याशी असलेला बेबनाव अर्धवट मिटलेला. पावसाळा लागल्यावर निजाम औरंगाबादेकडे परतू लागला, तेव्हा जानोजी त्याची साथ सोडून गेले होते. निजाम स्वतः फौजेच्या काही भागासह गोदावरी उतरून उत्तर तीरावर गेला, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह दक्षिण तीरावर राहिला, आणि मध्ये श्रावणातील नदी दुथडी भरून वाहू लागली. १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठ्यांनी या अडकलेल्या फौजेला गाठले. लढाईच्या एका क्षणी रघुनाथराव वेढले गेले, पुतण्याने त्यांची सुटका केली; विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि पलीकडच्या काठावरून आपल्या सैन्याचा संहार पाहण्यापलीकडे निजामाला काही करता आले नाही.

ग्रंथात हे वाचताना एक शंका नेहमी मनात राहते की नदी ओलांडणे एवढे अवघड का व्हावे. पात्राच्या काठी उभे राहिल्यावर तिचे निरसन होते. उन्हाळ्यात जे विस्तीर्ण वाळवंट दिसते, तेवढी सारी रुंदी पुराच्या पाण्याची. काठ ठिसूळ मातीचे, आणि उतारास योग्य अशा जागा मोजक्याच. आज वरच्या अंगास पैठणचे जायकवाडी धरण आहे. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन केले. त्याच्या नाथसागर या जलाशयाने पुराचा जोर पुष्कळ आटोक्यात ठेवला आहे. मात्र नियंत्रित नदी ही निर्धोक नदी नव्हे. आकाश निरभ्र असताना, वर दूर कुठेतरी पाऊस होऊन धरणाचे दरवाजे उघडले जातात आणि खाली पाणी वाढते. शिवाय वाळूच्या बेसुमार उपशाने पात्रात ठिकठिकाणी खोल डोह झाले आहेत, ते वरून दिसत नाहीत. स्थानिक चालक गाडी उभी करताक्षणी आधी काठच्या माणसाला हाक मारतो, "आबा, वरून पाणी सोडलंय का?" आणि उत्तर ऐकूनच मुलांना खाली उतरू देतो. पाण्यात उतरण्यासंबंधी त्याचा नकार अंतिम समजावा.

गेवराईस परत येऊन गढी या गावावरून माजलगावचा रस्ता धरला की उजव्या-डाव्या हाताला उसाचे आणि कापसाचे मळे लागतात. पैठणच्या उजव्या कालव्याने आणि माजलगावच्या धरणाने या टापूचे रूप पालटून टाकले. या रस्त्यावर नेत्रदीपक असे काही नाही, आणि येथे थोडी झोप घेतली तरी चालेल. माजलगाव तालुक्यात नदीकाठी पुरुषोत्तमपुरी मात्र चुकवू नये. भगवान पुरुषोत्तमाचे हे देवालय, ज्याच्या दर्शनाला अधिक महिन्यात अपार गर्दी लोटते, एरवी इतके निवांत असते की पुजाऱ्याला शोधून आणावे लागते. येथे सापडलेले ताम्रपट रामचंद्रदेव यादवाच्या काळचे, शके १२३२ म्हणजे १३१० सालचे. त्यात राजाने आपल्या पुरुषोत्तम नावाच्या अधिकाऱ्याच्या विनंतीवरून ब्राह्मणांना दिलेल्या अग्रहाराची नोंद असून, देवगिरीच्या शेवटच्या पर्वातील घडामोडींसाठी इतिहाससंशोधक हे पत्रे आजही प्रमाण मानतात. दिल्लीच्या फौजा देवगिरीवर एकदा नव्हे दोनदा येऊन गेल्यानंतरही गोदातीरी जमिनी दान देण्याचा, हद्दी आखून देण्याचा आणि ते तांब्यावर कोरून ठेवण्याचा राज्यकारभार कसा निष्ठेने चालू होता, हे त्यावरून दिसते. अधिक मासात येथे मोटार नेण्याचा अट्टहास करू नये. गावाबाहेर दूरवर वाहने थांबविली जातात आणि उरलेले अंतर पायीच तोडावे लागते.

मंजरथ तेथून जवळच. सिंदफणा येथे गोदावरीला मिळते. दगडी घाट, क्रियाकर्मासाठी आलेली कुटुंबे, पाण्याच्या कडेला बसलेले क्षौरकर्मी, हे दृश्य पैठण-नाशिकच्या मानाने लहान प्रमाणावरचे आणि म्हणून अधिक अकृत्रिम. संगमावर दोन पाण्यांचे रंग पावसाळ्यात वेगवेगळे ओळखू येतात. येथून माजलगाव धरणाच्या भिंतीकडे वळले म्हणजे सकाळपासून ज्या कडेने आपण चाललो होतो तिचा निरोप घेतल्यासारखे होते. हे धरण सिंदफणेवर बांधले आहे, पण त्यात पैठणच्या उजव्या कालव्याचेही पाणी येऊन पडते; म्हणजे गोदावरीचे पाणी शंभराहून अधिक किलोमीटर कालव्यातून येऊन तिच्याच उपनदीच्या जलाशयात मुक्काम करते. दुष्काळी सालात या साऱ्या साखळीचा एक दुवा सुटला की काय होते हे जिल्ह्याने २०१५ मध्ये अनुभविले. पाण्याअभावी परळीचे औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावे लागले होते.

जेवण तेलगावच्या आसपास उरकावे. महामार्गावरील लखलखीत उपाहारगृहांपेक्षा, जिथे ट्रकवाले थांबतात तिथे ज्वारीची भाकरी, पिठले आणि शेंगदाण्याचा ठेचा चांगला मिळतो. चालक जिथे स्वखुशीने जेवतो ती जागा सहसा फसवीत नाही. त्याच्या ताटाचे पैसे कोणी द्यावयाचे, हा प्रश्नच उपस्थित होऊ देऊ नये. भत्ता वेगळा आणि जेवण वेगळे, असे मानणारे प्रवासी त्याच्या लक्षात राहतात.

तेलगावहून दक्षिणेस धारूरचा घाट चढू लागतो, आणि दिवसाचा दुसरा अंक सुरू होतो. रस्ता अरुंद, वळणे एकापाठोपाठ एक. एका अंगाला थराथरांचा काळा कडा, दुसऱ्या अंगाला साग-पळसाच्या झाडीने भरलेली दरी. पावसाळ्याच्या अखेरीस आरणवाडीचा तलाव भरून वाहतो आणि कपारींतून बारीक बारीक धारा रस्त्यावर उतरतात. आश्विन-कार्तिकात याच वळणांवर बायका आणि पोरे सीताफळांच्या पाट्या मांडून बसतात. बालाघाटच्या खडकाळ, कोरड्या उतारावर वाढलेल्या या फळाला बीडचे सीताफळ म्हणून २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फळ घेताना डोळे उघडलेले, म्हणजे खवल्यांमधील रेषा पांढुरक्या झालेले, निवडावे. ते एका दिवसात पिकते.

घाटात चालकाचे खरे कसब दिसते. जो गिअर चढताना तोच उतरताना, हा या धंद्यातील जुना पाठ. नवशिका उतारावर ब्रेकवर पाय दाबून बसतो, ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि नेमक्या वेळी ते लागत नाहीत. मुरलेला माणूस गाडी दुसऱ्या गिअरवर सोडून इंजिनालाच तिला आवरू देतो, वळणाच्या आधी भोंगा देतो, आणि समोरून चढती गाडी आली तर आपली बाजूला घेऊन थांबतो. चढत्या वाहनास वाट देणे हे नुसते सौजन्य नसून वाहतुकीच्या नियमांतच तशी तरतूद आहे. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर या रस्त्यांवर येतात, आणि त्यांच्या मागे दिवा नसणे ही एवढी सामान्य गोष्ट आहे की कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत अंधार पडल्यावर या जिल्ह्यातील आडरस्त्यांवर नसावे, हेच श्रेयस्कर.

घाटमाथ्यावर धारूरचा किल्ला आहे. पठाराच्या अगदी धारेवर, तीन बाजूंना दरी आणि चौथ्या, सपाट बाजूस खंदक, असे त्याचे स्थान पाहिले की तो तिथेच का बांधला गेला हे विचारावे लागत नाही. गोदावरीच्या खोऱ्यातून दक्षिणेस जाणाऱ्या वाटेवर त्याची नजर होती. आदिलशाही सरदार किश्वरखान लारी याने १५६७ मध्ये तो उभारला, पुढे तो निजामशाहीकडे गेला, आणि १६३१ मध्ये, दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडलेला असताना, शाहजहानच्या सरदाराने जिंकून घेतल्यावर त्याचे नाव फतेहाबाद झाले. जुन्या दप्तरांत धारूरऐवजी हेच नाव आढळते. तटावरून उत्तरेकडे पाहिल्यास सकाळपासून आक्रमिलेला सारा प्रदेश पायाखाली पसरलेला दिसतो. हवा स्वच्छ असेल तर पाण्याचे चकाकणारे पट्टे ओळखू येतात.

किल्ल्यात घाई करू नये, आणि याचे कारण केवळ तट-बुरुज नव्हे. आपण आत फिरत असतो तेव्हा बाहेर झाडाखाली, आसन मागे पाडून, तोंडावर रुमाल टाकून चालक झोपलेला असतो. सकाळी सहाला निघालेल्या माणसाला दुपारी मिळालेली ही झोप परतीच्या प्रवासाची खरी हमी आहे. मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ या कायद्याने, तो २०२५ मध्ये रद्द होईपर्यंत, कामाची मर्यादा दिवसाला आठ तास घातलेली होती आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितलेली होती. परंतु पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच तो लागू होत असे; जिल्ह्याच्या गावी एक-दोन गाड्यांचा मालक, जो बहुधा स्वतःच एक गाडी हाकतो आणि दरमहा हप्ता भरतो, त्याच्या कक्षेबाहेरच राहिला. अशा स्थितीत विश्रांतीची तजवीज प्रवाशानेच करावयाची. कित्येक मंडळी चालकाला "दहा मिनिटांत येतो" असे सांगून आत जातात आणि तासाभराने परततात; तो बिचारा दर क्षणी येतील या धास्तीने जागाच राहतो. तासभर लागणार असेल तर तासभर सांगावे, आणि जमल्यास सव्वा तासाने यावे.

धारूरहून केजकडे आणि तेथून पश्चिमेस मांजरसुंब्याकडे जाणारा मार्ग पठारावरचा. दृष्टी दूरवर जाते, झाडे कमी, ज्वारीची रानेच राने. पवनचक्क्यांची पाती अधूनमधून क्षितिजावर फिरताना दिसतात. चार-साडेचारपर्यंत मांजरसुंब्यास पोहोचता आले तर कपिलधारेला जावे. वीरशैव संत मन्मथस्वामी यांची समाधी आणि तिच्याजवळ कड्यावरून कोसळणारी धार हे या स्थानाचे वैशिष्ट्य. धार पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडेच पाहण्याजोगी असते, चैत्र-वैशाखात तेथे फक्त ओला डाग असतो, हे आधीच समजून जावे. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेत हा रस्ता दिंड्यांनी भरून जातो. त्या सुमारास हा टप्पा वगळून सरळ घाट उतरावा.

बीडच्या अलीकडे पाच-सहा किलोमीटरांवर खजाना विहीर आहे. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात, जहागीरदार सलाबतखानाने ती बांधविली. खाली उतरले की भिंतीतील बोगद्यांची तोंडे दिसतात. डोंगराच्या पायथ्याकडचे पाणी एका अंगाने आत येते आणि दुसऱ्या अंगाने, कोणतीही मोट वा पंप न लावता, केवळ उताराच्या बळावर शेतांकडे जाते. सकाळी शंभर किलोमीटरांचे कालवे आणि काँक्रीटची भिंत पाहून आलेल्या माणसाने चारशे वर्षांपूर्वीची ही दगडी योजना त्याच दिवशी पाहावी, यात फार मौज आहे. मात्र उजेड असेतो पाहावी. पायऱ्या निसरड्या आहेत.

ज्यांचा मुक्काम अंबाजोगाईस असेल त्यांनी हा फेरा उलट्या बाजूने करावा. पहाटे योगेश्वरीचे दर्शन, मग हत्तीखान्याची लेणी, आणि गावाबाहेर डोंगराच्या कुशीत जिथे दरी उघडते तिथे ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी. ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ परंपरेने शके १११० म्हणजे ११८८ सालचा मानला जातो, ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षे आधीचा. तेथून परळीचा घाट उतरून वैजनाथ, पुढे गंगथडीने माजलगाव, आणि दुपारी धारूरचा घाट चढून केजवरून परत, असे केल्यास दोन्ही कडा पदरात पडतात आणि अंतरही कमी होते. त्यासाठी गाडी बीडहून बोलावू नये, अंबाजोगाईतच ठरवावी. नाहीतर सकाळचे रिकामे येणे आणि रात्रीचे रिकामे जाणे असे दोन्ही वेळचे किलोमीटर आपल्याच नावावर चढतात, आणि दिवसभर गाडी हाकून दमलेल्या माणसाला उसाच्या ट्रॅक्टरांतून वाट काढीत एकट्याने घरी जावे लागते.